कवटीतली हवा: कधी नुसती बघायची, कधी रात्रीच काढायची

मेंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या दुसऱ्या दिवशीच्या सीटीत कवटीच्या आत हवा दिसली नाही, तर उलट नवल वाटावं. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी थोडंफार वाहून गेलं, त्या जागेत ऑपरेशन थिएटरमधली (ओटीतली) हवा शिरली आणि वर हाड बसवून टाके घातले. थोडी हवा आत राहणारच. ती रक्तात हळूहळू शोषली जाते आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत नाहीशी होते. रिपोर्टवर मात्र ‘न्यूमोसेफॅलस’ असं छापून येतं, घरचे मोबाइलवर तो शब्द शोधतात आणि राउंडला हमखास विचारतात, ‘डॉक्टर, डोक्यात हवा कशी राहिली? काही चुकलं का?’ सहसा काहीही चुकलेलं नसतं.

हीच हवा दाबाखाली साठायला लागली की मात्र गोष्ट वेगळी. सकाळी चहा मागून घेतलेले आजोबा दुपारी हाक मारली तरच डोळे उघडतात आणि संध्याकाळी तेही करत नाहीत. याला टेन्शन न्यूमोसेफॅलस म्हणतात. ही इमर्जन्सी आहे आणि न्यूरोसर्जरीत इतक्या लवकर उलटवता येणाऱ्या इमर्जन्सी फार नाहीत. हवा किती मिली आहे याच्याशी तिचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. तीस मिली हवा घेऊन एखादा पेशंट पेपर वाचत बसलेला असतो आणि तेवढ्याच हवेनं दुसऱ्याची एक बाहुली मोठी झालेली असते. पेशंट कसा आहे ते आधी बघायचं, फिल्म नंतर.

प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिली जागा असते. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, असे तिघे राहतात. सीएसएफ एका वेळी सुमारे १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं, म्हणजे तासाला वीसेक मिली. हाड ताणलं जात नाही. त्यामुळे बाहेरून काही आत शिरलं तर सुरुवातीला पाणी आणि शिरांमधलं रक्त सरकून जागा करून देतात आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की पुढच्या चार-पाच मिलीलाही दाब झपकन चढतो. तोवर ठीक वाटणारा पेशंट ‘अचानक’ बिघडला असं घरच्यांना वाटतं, त्याचं कारण हे.

हवा आत जायचे मुख्य रस्ते दोन. पहिल्याला पुस्तकांत उलट्या बाटलीचा सिद्धांत म्हणतात. भरलेली बाटली उलटी धरली की पाणी बाहेर पडतं आणि तेवढी हवा गुडगुड करत आत जाते. कवटीच्या तळाला तडा गेला, नाकातून किंवा कानातून पाणी गळू लागलं, की तसंच होतं. पाठीच्या मणक्यात घातलेल्या लंबर ड्रेनमधून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीतून, गरजेपेक्षा जास्त पाणी काढलं तरी तेच. दुसरा रस्ता झडपेचा. शिंक, खोकला, नाक शिंकरणं यांनी नाकाच्या पोकळीतला दाब वाढतो आणि हवा फटीतून वर ढकलली जाते. ती परत खाली यायला निघाली की फटीवर मेंदू किंवा त्याच्या आवरणाची घडी बसते आणि रस्ता बंद. प्रत्येक शिंकेला थोडी हवा आत, बाहेर काहीच नाही. वॉल्टर डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जननं १९२६ साली हे नीट मांडलं.

गंमत अशी की कवटीत मुद्दाम हवा भरायची पद्धत याच डँडीची. १९१८ मध्ये त्यानं मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी पाठीतून हवा सोडायची तऱ्हा आणली. १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा सीटी होईपर्यंत आणि नंतरही काही वर्षं गाठ कुठे आहे हे शोधायला जगभर हेच चालायचं. पेशंटचं डोकं भयंकर दुखायचं, उलट्या व्हायच्या, पण हवा जिरून जायची. नुसत्या हवेला मेंदू बराच सोसतो, दाबाला सोसत नाही.

कुणाला होतं

पुण्यात दोन मुख्य गिऱ्हाइकं. एक, दुचाकीवरून हेल्मेटशिवाय पडलेला तरुण, ज्याच्या कपाळामागच्या सायनसला किंवा नाकाच्या छताला तडा गेलाय. इथल्या हेल्मेटच्या वादात मी पडत नाही, पण कपाळाचं हाड सायनसपाशी किती पातळ असतं हे सीटीवर एकदा बघावं. दोन, साठी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं हलकंसं आपटलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आणि महिन्याभरानं चाल बिघडली. तपासात निघतं क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे मेंदूवर साठलेलं जुनं, काळपट पातळ रक्त. ते बर होल, म्हणजे कवटीला छोटं भोक, पाडून धुऊन काढतात. दाबून बसलेला म्हातारा मेंदू लगेच फुलून वर येत नाही, मग मधल्या पोकळीत हवा राहते. याशिवाय पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकावाटे काढलेले पेशंट, बसवून केलेली लहान मेंदूची ऑपरेशनं आणि क्वचित पाठीत इंजेक्शन देताना गेलेली हवा.

बर होलच्या ऑपरेशनमध्ये हवा कमी राहावी म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. सहसा दोन भोकं पाडतात, एक पुढे कपाळाच्या बाजूला, एक मागे. डोकं असं ठेवायचं की पुढचं भोक सगळ्यांत वर येईल. शरीराच्या तापमानाला आणलेल्या सलाइननं पोकळी धुवायची, मागची जखम आधी शिवून घ्यायची आणि पुढच्या भोकातून सलाइन काठोकाठ भरत राहायचं. बुडबुडे थांबले की मगच टाके. घाईत हा शेवटचा टप्पा आखडता घेतला जातो.

आत ठेवलेला ड्रेन साधारण ४८ तास राहतो आणि तो ठेवावाच. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या केंब्रिजच्या अभ्यासात ड्रेन ठेवलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के पेशंटमध्ये रक्त पुन्हा साठलं, न ठेवलेल्यांत २४ टक्के. पण तोच ड्रेन हवेचा दरवाजाही होऊ शकतो. पेशंटला सीटीला न्यायचं असतं, ट्रॉलीवर घेताना कुणीतरी पिशवी पेशंटच्या छातीवर ठेवतं आणि आतलं पाणी उलटं डोक्यात जातं. किंवा नळीचा जोड निसटतो आणि हवा ओढली जाते. हलवण्याआधी क्लॅम्प लावायचा, हलवून झाल्यावर आठवणीनं उघडायचा. लंबर ड्रेन असेल तर आणखी जपायचं: पेशंट उठून बसला आणि ड्रेन उघडाच राहिला, तर तासाला ५ ते १० मिली निघायच्या जागी बघता बघता पन्नास निघतात. वर कवटीत दाब उणे होतो आणि तळाच्या फटीतून हवा आत खेचली जाते. असा पेशंट झापडला तर पहिली कृती ड्रेन बंद करणं.

ओळखायचं कसं

डोकेदुखी वाढत जाते, उलटी होते, बोलणं तुटक होतं, एका बाजूचा हात ढिला पडतो, कधी फिट येते. शेवटी बीपी वाढून नाडी मंदावते, बाहुली मोठी होते. पण सगळ्यांत आधी उतरते ती शुद्ध आणि तिथेच फसगत होते. ‘रात्रभर झोपले नव्हते, आता जरा डोळा लागलाय’ असं म्हणून आजोबांना कुणी उठवत नाही. उठवावं. नाव विचारावं, दोन्ही हात वर करायला सांगावेत. ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीचे गुण, दोननं उतरला की डॉक्टरांना फोन, तो उतरायची आणखी वाट पाहायची नाही. क्वचित एखादा पेशंट सांगतो की कूस बदलली की डोक्यात पाणी हिंदकळल्यासारखं वाजतं. त्याला भ्रम समजू नये, हवा आणि पाणी एकत्र असलं की खरंच तसा आवाज येतो.

सीटीत पेशंट उताणा असतो, म्हणून हवा कपाळामागे चढलेली दिसते. दाबाची हवा दोन्ही बाजूंच्या पुढच्या मेंदूला मागे ढकलते आणि दोन टोकांच्या मधल्या फटीतही शिरते. दोन शेंडे वेगळे झालेले ते चित्र जपानी डॉक्टर इशिवाता आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्णन केलं आणि नाव दिलं माउंट फुजी. ही खूण दिसली म्हणजे लगेच ड्रिल काढा असं मात्र नाही. ठणठणीत बोलणाऱ्या पेशंटमध्येही ती कधीकधी असते. तेव्हा ऑक्सिजन, तासातासाला तपासणी आणि सहा-आठ तासांनी पुन्हा सीटी एवढ्यावर भागतं. खूणही आहे आणि शुद्धही उतरतेय, तर चर्चा संपली.

एक सूचना, विशेषतः बाहेरगावाहून केस पाठवणाऱ्यांसाठी. खिडकीच्या काचेवर धरलेल्या फिल्मचा व्हॉट्सॲपवरचा फोटो यासाठी पुरत नाही. हवा, चरबी, कधी पातळ पाणीसुद्धा त्यात सारखंच काळं दिसतं. सीटीच्या कन्सोलवर त्या काळ्या भागाची घनता मोजावी: हवा उणे १००० हाउन्सफिल्डच्या (सीटीवरचं घनतेचं एकक) आसपास येते, चरबी उणे शंभरच्या. नाहीतर सीडीतली मूळ चित्रं पाठवावीत.

पहिल्या दहा मिनिटांत

बायपॅप किंवा सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र) चालू असेल तर काढायचं. लंबर ड्रेन बंद. बर होलच्या पेशंटला सपाट झोपवायचं. नाकातून पाणी येणाऱ्याचं डोकं सहसा तीसेक अंशांवर ठेवतात. आणि शंभर टक्के ऑक्सिजन.

या ऑक्सिजनबद्दल थोडं सविस्तर, कारण वॉर्डात तो बऱ्याचदा नावालाच दिलेला असतो. अडकलेल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. साधी हवा श्वासात घेत असताना रक्तातही नायट्रोजन भरपूर विरघळलेला असतो, त्यामुळे कवटीतल्या नायट्रोजनला बाहेर पडायला फारसा उतार मिळत नाही. नुसता ऑक्सिजन दिला की रक्तातला नायट्रोजन फुप्फुसांतून निघून जातो, उतार तयार होतो आणि हवा बरीच लवकर जिरते. हे साधायला नाकातली दोन टोकांची नळी चालत नाही. खाली पिशवी असलेला नॉन-रीब्रीदर मास्क लागतो. फ्लो मिनिटाला १५ लिटर. मास्क लावण्याआधी आतल्या झडपेवर अंगठा दाबून पिशवी पूर्ण फुगू द्यायची. पेशंट श्वास घेतो तेव्हा पिशवी थोडी आत बसावी, पण चपटी होऊ नये. बाजूच्या रबरी चकत्या निघालेल्या नाहीत ना, ते बघायचं. फ्लो पाच लिटरवर आणि पिशवी लोळागोळा होऊन लटकलेली, असा मास्क दिसला तर ती ट्रीटमेंट चालूच नाही असं समजावं. साधारण एक दिवस हे चालवतात. जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो का, यावर लक्ष हवं. हाय-फ्लो नेझल कॅन्युला (नाकात जोरानं ऑक्सिजन सोडणारी नळी) कवटीच्या तळाला भोक असताना नको, ते नाकात दाब तयार करतं.

मॅनिटॉलची १०० मिलीची बाटली आपल्याकडे हात सरावलाय म्हणून लावली जाते. पेशंट कोसळतोय आणि ओटी तयार व्हायला वीस मिनिटं आहेत, तर ती वेळ मिळवून देते. पण ती हवा काढत नाही, मेंदू आकसवते, आणि मेंदू आकसला की हवेला आणखी जागा होते. रुटीन म्हणून सहा-सहा तासांनी देत राहणं मला पटत नाही.

श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आलीच तर अम्बू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीनं) मास्कवरून जोरात हवा भरू नये. पोटातली नळी तोंडातून घालावी. तळाचं हाड मोडलेलं असताना नाकातून घातलेली नळी मेंदूत गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

आता हवा काढणं. आधीचं बर होल असेल तर काम सोपं. कातडी स्वच्छ करून, त्या भोकावरून १८ किंवा २० गेजची सुई तिरकी घालतात. मागे तीन-तोंडी कॉक आणि थोडं सलाइन भरलेली सिरिंज. दट्ट्या काढून सिरिंज उभी धरली की सलाइनमधून बुडबुडे वर येतात आणि दाब होता की नाही हे डोळ्यांसमोर कळतं. मग पाच-पाच, दहा-दहा मिली सावकाश ओढायची आणि मध्ये थांबून पेशंटला हाक मारायची.

भोक नसेल तर पुढून एक पाडावं लागतं. नाकाच्या मुळापासून मागे सुमारे ११ सेंटिमीटर आणि मध्यरेषेपासून ३ सेंटिमीटर बाजूला ही नेहमीची जागा. ती हाडाच्या आडव्या सांध्याच्या थोडी पुढे येते, हातापायांची हालचाल चालवणारा भाग तिच्या मागे राहतो. हवा ज्या बाजूला जास्त, ती बाजू. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उघडण्याआधी जखम सलाइननं भरून ठेवायची आणि छेद बारीक घ्यायचा. हवा सूं करत किंवा बुडबुड्यांनी बाहेर येते. ती एका दमात सोडली तर ताणलेल्या शिरा तुटून रक्तस्राव होण्याची भीती, म्हणून बोटानं दाबत दाबत सोडायची आणि तिच्या जागी सलाइन जाऊ द्यायचं. शेवटी ड्रेन, त्याचं तोंड पाण्याखाली. बऱ्याचदा पेशंट टेबलावरच डोळे उघडतो.

एवढ्यानं हवा गेली, भोक तिथेच आहे. तळातून गळती असेल तर पातळ कापांचा सीटी करून जागा शोधतात आणि दुर्बिणीनं नाकावाटे मांडीचं पटल, चरबी आणि नाकातल्या पडद्यावरचा सोडवलेला पदर (फ्लॅप) वापरून ती बंद करतात. अनुभवी हातात दहापैकी नऊ वेळा हे पहिल्याच प्रयत्नात टिकतं. अपघातानंतरची गळती मात्र बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप थांबते, म्हणून तिथे आधी थोडं थांबतात.

घरच्यांनी आणि पेशंटनं

गळती असलेल्या किंवा नुकतीच दुरुस्त झालेल्या पेशंटनं नाक शिंकरायचं नाही, पुसायचं. शिंक दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही. कुंथण्यापेक्षा इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध बरं. तपकीर बंद. शहाळं आणलंत तर पेल्यात ओतून द्या, स्ट्रॉनं ओढायला नको. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती सर्जननं परवानगी देईपर्यंत नाही, ‘हळूच करतो’ असंही नाही. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र सगळ्यांनाच दिलं जातं. ते आत ओढायचं असतं, लोक फुंकतात, म्हणून अशा पेशंटला ते द्यायचं का ते विचारून घ्या. घोरण्यासाठी घरी सीपॅप लावणाऱ्यांनी नाकावाटेच्या ऑपरेशनआधीच ते सांगावं.

अपघातात डोक्याबरोबर मांडीचं हाडही मोडलं असेल, तर आठवड्यानं दुसऱ्या हॉस्पिटलात प्लेट बसवायला नेताना डोक्याचं डिस्चार्ज कार्ड बरोबर हवंच. भुलीत नायट्रस ऑक्साइड वापरला जाऊ शकतो. तो नायट्रोजनच्या सुमारे ३४ पट जास्त विरघळतो, त्यामुळे नायट्रोजन बाहेर पडण्याआधी हा अडकलेल्या हवेत शिरतो. श्वासातल्या वायूत निम्मा नायट्रस दिला तर हवेचा आकार दुप्पट व्हायला बघतो. हाडाच्या डब्यात आकार वाढू शकत नाही, दाब वाढतो. भूलतज्ज्ञाला आधी कळलं तर तो गॅस टाळणं काहीच अवघड नाही.

महाडकडून ताम्हिणी चढून पुण्याला येणारे घाटाबद्दल विचारतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर आलं की बाहेरचा दाब सात टक्क्यांच्या आसपास कमी होतो, म्हणजे ४० मिली हवा ४३ व्हायला बघते. पेशंट शुद्धीवर असेल तर एवढं चालतं. झापड आली असेल तर निघण्याआधी जवळच्या ठिकाणी सर्जन मिळतो का ते बघावं, आणि १०८ बोलावली तर वाटेत मास्क पूर्ण फ्लोवर ठेवायला सांगावं. विमानाचं गणित वेगळं: केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो, लोहगावहून निघालेली ४० मिली हवा वर गेल्यावर ५० च्या घरात जाते. सीटीत हवा गेलेली दिसेपर्यंत विमान नको.

घरी गेल्यावर महिन्या-दीड महिन्यानंही खाली वाकताना एका नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब पडले, घशात खारट चव आली, रुमाल सुकल्यावर शेंबडासारखा कडक झाला नाही, तर ते सर्दी म्हणून सोडू नका. थेंब निर्जंतुक बाटलीत धरा, अर्धा-एक मिली पुरतं, फ्रिजमध्ये ठेवा आणि घेऊन या. बीटा-टू ट्रान्सफेरिन, म्हणजे सीएसएफची ओळख पटवणारं प्रथिन, तपासता येतं. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर थेंब टाकून बघू नका. अश्रूंत आणि सर्दीच्या पाण्यातही साखर असते, पट्टी दोन्हीकडे साखर दाखवू शकते. तापासोबत मान आखडली, तर बाटलीसाठीही थांबू नका.